पंधरावी नक्कल

एकदा एका गावाबाहेर एक वृद्ध गुरू होते आणि त्यांची एक शिष्या होती, असं म्हटलं की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे पिंपळाचा पार येतो. तो आधी पुसून टाका. हे गुरू कोल्हापूरकडच्या एका औद्योगिक वसाहतीत, पत्र्याच्या शेडमध्ये, पंख्याखाली बसत. नाव नरगुंदे मास्तर. आयटीआयमध्ये तीस वर्षं पोरांना हत्यार धरायला शिकवून निवृत्त झाले, आणि घरी बसून करायचं काय म्हणून एका लहान कंपनीत जाऊ लागले, ते सत्तरी उलटली तरी जातच होते. शिष्या म्हणजे शर्वरी खटावे, सत्तावीस वर्षांची इंजिनिअर. बुद्धीने तल्लख, हाताने चपळ, आणि चपळ माणसांना असते तशी थांबून राहण्याची तिला मनस्वी चीड होती.

ती कंपनी यंत्रांसाठी डोळे बनवायची. ज्यांनी पॉवर प्रेस पाहिलेला नाही त्यांना हे कळणार नाही, म्हणून सांगतो. कामगार पत्रा हाताने साच्यावर ठेवतो, हात काढतो, पायाने पेडल दाबतो, आणि वरून काही टनांचा ठोकळा खाली येतो. पत्र्याचा तुकडा कापला जातो. हात काढायचा राहिला तर हातही कापला जातो, ठोकळ्याला दोन्ही सारखेच. आमच्या भागात अशी माणसं पुष्कळ आहेत. चहाचा कप धरतात तेव्हा आपल्याला कळतं, आणि आपण दुसरीकडे बघतो. तर ह्या कंपनीने प्रेसच्या वर कॅमेरा बसवला होता. साच्यात हात दिसला की कॅमेरा प्रेसला अडवायचा. काम पुण्याचं होतं, ह्यात शंका नाही.

कॅमेऱ्याच्या आत नखाएवढा एक तुकडा असतो, त्याला सेन्सर म्हणतात. त्यात शेकडो बारीक कप्पे असतात, इंजिनिअर लोक त्यांना रजिस्टर म्हणतात. एका कप्प्यात आकडा टाकला की चित्र उजळतं, दुसऱ्यात टाकला की ते भराभर येऊ लागतं. हे आकडे टाकणारा आणि वाचणारा जो प्रोग्रॅम, तो ड्रायव्हर. आकडा कप्प्यात नीट पडला की सेन्सर त्याची पोच देतो. पोच आली नाही तर समजावं की आकडा पडलाच नाही. पुन्हा टाकावा, तरी पोच येईना तर यंत्र थांबवावं. एवढं समजलं तरी पुढचं सगळं समजेल. ह्याहून जास्त मलाही समजत नाही.

कंपनीचा पहिला ड्रायव्हर नऊ वर्षांपूर्वी खुद्द मास्तरांनी लिहिला होता. त्यात आकडा टाकण्याच्या चार ओळी होत्या. पुढे नवनवे सेन्सर येत गेले, कंपनी वाढत गेली, आणि तिथे एक रीत पडली. नवा सेन्सर आला की जुन्या ड्रायव्हरची फाईल घ्यायची, तिची नक्कल करायची, आतली नावं बदलायची आणि पेढे वाटायचे. ह्याला ते लोक बारसं म्हणत. नाव नवं आणि बाळ जुनंच, असं हे बारसं नऊ वर्षांत तेरा वेळा झालं. चौदा ड्रायव्हर झाले आणि प्रत्येकाच्या पोटात त्या चार ओळी राहिल्या. कोणी त्यांचं नाव बदललं, कोणी क्रम उलटासुलटा केला, पण मूळ तेच. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा म्हणतात. इथे मागचा पुढच्याची ठेचसुद्धा उतरवून घेत होता, कारण त्या चार ओळींत पोच बघायची राहिली होती.

हे शर्वरीला जुलैत कळलं. एका बाटल्यांच्या कारखान्यातून तक्रार आली की कॅमेरा अधूनमधून अंधारतो. तिने दोन दिवस शोध घेतला. वायर हलली की आकडा वाटेतच हरवतो, पोच येत नाही, आणि ड्रायव्हर मात्र आकडा पडला असंच धरून पुढे जातो, हे तिच्या ध्यानात आलं. तिने दोन ओळी वाढवल्या. पोच आली का बघ, नसेल तर थांब. तक्रार मिटली, तिचं कौतुक झालं. हा दोष इतर तेरांतही असणार, हे तिला त्याच दिवशी कळलं होतं. तिने ते मालकांच्या कानावर घातलं. मालक शिरगुप्पे साहेब म्हणाले, "चाललंय ना? मग चालत्या यंत्राला हात कशाला लावायचा?" शर्वरीने मान डोलावली आणि जागेवर येऊन बसली. खरं सांगायचं तर तिला हायसं वाटलं. तेरा ठिकाणी तेच ते करत बसायचं तिच्या जिवावर आलं होतं.

दिवाळी होऊन आठवडा झाला आणि वसाहतीतल्याच एका कारखान्यात शमशाद शिकलगार नावाच्या बाईचा हात प्रेसखाली गेला. अकरा वर्षं ती प्रेसवर बसत होती, दोन मुलांची आई. उजव्या हाताची चार बोटं गेली, अंगठा तेवढा राहिला.

कॅमेरा आत काय काय घडलं ह्याची नोंद ठेवतो. शर्वरीने ती वाचली. दुपारी वीज गेली आणि आली. कॅमेऱ्याने सगळे आकडे पुन्हा टाकले. उजेडाचा आकडा तेवढा पडला नाही आणि पोच बघणारं कोणी नव्हतं. चित्र काळवंडलं, काळवंडलेल्या चित्रात शमशादचा तपकिरी हातमोजा साच्यात मिसळून गेला, आणि कॅमेऱ्याने साचा रिकामा आहे असं प्रेसला कळवलं. शर्वरीने त्या प्रेसचा ड्रायव्हर उघडला. चार ओळी समोरच होत्या. जुलैतल्या दोन ओळी उचलून तिने तिथे चिकटवल्या. दहा मिनिटं लागली. चहा ओठाला लागण्याइतका निवायलाही तेवढी लागतात. जुलैत तिने कंटाळा केला होता तो ह्याच दहा मिनिटांचा.

शिरगुप्पे साहेबांचा चेहराही उतरलेला होता, पण मालकाचं डोकं मालकासारखंच चालतं. "झालं ना दुरुस्त? मग त्या कारखान्याला पत्र लिहा. दोष सापडला, दूर केला. बाकीच्या कारखान्यांना कळवायचं काही कारण नाही, हात दाखवून अवलक्षण."

शर्वरी तिथून उठली आणि मास्तरांच्या टेबलापाशी जाऊन उभी राहिली. मास्तर चष्मा पुसत होते.

"मास्तर, मला हे जुलैत माहीत होतं."

मास्तरांनी चष्मा खाली ठेवला. "कोणाला सांगितलंस?"

"साहेबांना. एकदाच. ते नको म्हणाले, मी गप्प बसले. मला बरंच वाटलं, मास्तर. कंटाळा आला होता."

ती रडेल आणि मास्तर समजूत घालतील असं तिला कुठेतरी वाटत असावं. मास्तरांनी समजूत घातली नाही. त्यांनी विचारलं, "किती उरलेत?"

"बारा. मी आत्ता बसते. संध्याकाळपर्यंत बाराही फायलींत त्या दोन ओळी टाकते."

"नाही," मास्तर म्हणाले. "एकाही फाईलला हात लावायचा नाही."

मग त्यांनी टेलिफोन जवळ ओढला. त्या बारा ड्रायव्हरांवर चालणारे प्रेस नऊ कारखान्यांत मिळून सव्वीस होते. मास्तरांनी नऊही ठिकाणी फोन लावला आणि प्रत्येक ठिकाणी तेच सांगितलं, "तुमच्याकडच्या अमुक अमुक प्रेसवरच्या आमच्या डोळ्याला दिसत नाही. मी सांगेपर्यंत ते बंद ठेवा." दोघांनी शिव्या घातल्या. एकाने विचारलं, दिसत नाही तर इतके दिवस काय करत होता. मास्तर म्हणाले, ते विचारायचा तुम्हाला हक्क आहे. शिरगुप्पे साहेब दारात येऊन उभे राहिले, लाल झाले, पण मास्तरांपुढे ते एकेकाळी बाकावर बसलेले होते. तसेच आत गेले.

फोन संपल्यावर मास्तरांनी एक फुलस्केप कागद घेतला, पट्टीने रेघा मारल्या. डावीकडे बारा ड्रायव्हरांची नावं लिहिली. उजवीकडचा रकाना मोकळा ठेवला आणि त्याच्या डोक्यावर लिहिलं : हात कोणाचा.

"ह्या प्रेसवर कोण कोण बसतं, त्यांची नावं लिहून आण. कारखान्याचं नाव मला ठाऊक आहे. माणसाचं पाहिजे. फोनवर विचारायचं नाही. जायचं, बघायचं, विचारायचं."

शर्वरी बघतच राहिली. बारा ठिकाणी दहा दहा मिनिटं, दोन तासांचं काम. ते सोडून स्कूटर घेऊन नऊ कारखाने हिंडायचं आणि शिरगणती करायची. म्हातारपणी माणूस हट्टी होतो हे तिने ऐकलं होतं, पण अशा दिवशी? "मास्तर, ह्याने काय होणार?" तिने विचारलं, आणि आवाज चढला हे तिचं तिलाच कळलं.

"आधी जाऊन ये," मास्तर म्हणाले.

ती गेली. मनातल्या मनात म्हाताऱ्याला शिव्यांची लाखोली वाहत गेली, हे लपवण्यात अर्थ नाही. पहिल्या दिवशी चार कारखाने झाले. बंद प्रेससमोर माणसं बाकड्यांवर रिकामी बसून होती. "नाव कशाला पायजे ताई, बक्षीस हाय काय?" एकाने विचारलं. दुसऱ्या एका बाईने नाव सांगितलं, नवऱ्याचं सांगितलं, मग विचारलं, "त्या शिकलगार भाभीचं खरं काय ओ? आमच्याबी डोक्यावर त्योच डोळा हाय न्हवं?" शर्वरीने हो म्हटलं. बाईने आपले दोन्ही हात उचलून मांडीवर ठेवले. शर्वरीच्या कागदावर नावं वाढत गेली, आणि कशी कोण जाणे, तिची लाखोली थांबली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती सातव्या कारखान्यात पोचली. तिच्या यादीत तिथले दोन प्रेस होते. दोन्ही बंद होते. पण पलीकडच्या शेडमधून ठोकळ्याचा आवाज येत होता. ती सहज डोकावली. एक तिशीतला माणूस प्रेसवर बसला होता. पत्रा ठेवायचा, हात काढायचा, पेडल दाबायचा. त्याच्या डोक्यावर जो कॅमेरा होता त्याची पेटी तिच्या कंपनीची होती.

तिला वाटलं आपली काही चूक होते आहे. तिने यादी पुन्हा पाहिली. सुपरवायझर मागून आला. "त्यो तुमच्या यादीत न्हाई की ओ. मास्तरांनी दोन सांगितले, आमी दोन बंद केले."

शर्वरी त्याच्याशी बोलत बसली नाही. भिंतीपाशी गेली आणि मेन स्विच खाली ओढला. ठोकळा वरच थांबला. त्या क्षणी त्या माणसाचा हात साच्यात होता की बाहेर, हे तिला नंतर कितीही आठवून आठवेना.

उलगडा झाला तो असा. दोन वर्षांपूर्वी इथला एक सेन्सर जळाला होता. त्या जातीचा दुसरा मिळेना. कंपनीचा दुरुस्तीला फिरणारा माणूस हुशार होता, त्याने भलत्याच जातीचा एक सेन्सर आणून बसवला, खिशातल्या पेन ड्राइव्हवरून एक जुना ड्रायव्हर घेतला, त्याची नक्कल केली, नावं बदलली आणि जागच्या जागी बारसं उरकलं. कारखाना खूश झाला. पुढे तो माणूस नोकरी सोडून गेला. कंपनीच्या कुठल्याही कपाटात, कुठल्याही यादीत ही, मूळ फाईल धरून पंधरावी, नक्कल नव्हती. पण चार ओळी त्याच होत्या.

 रीत म्हणून शर्वरीने कागद पुढे घेतला आणि त्या माणसाला नाव विचारलं.

"माझं नाव घेऊन काय करताय?" तो म्हणाला. "मी तीन म्हैन्यांखाली आलोय. आदी हितं माझे दाजी बसायचे."

"ते कुठे आहेत?"

त्याने सुपरवायझरकडे पाहिलं. सुपरवायझरने पत्र्याकडे पाहिलं.  मग सुपरवायझरच म्हणाला, "झोपला हुता त्यो. प्रेसवर बसून डुलकी काढली, तीन बोटं गेली. आता ह्यात कारखान्याची काय चूक? काढून टाकला. नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशीची गोष्ट."

"पोलिसांत कळवलं? आम्हाला का नाही कळवलं?"

"झोपणाऱ्याचं काय कळवायचं?"

तिने कॅमेऱ्याला लॅपटॉप जोडला. जुन्या नोंदी अजून पुसल्या गेल्या नव्हत्या. नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी, दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी वीज गेली आणि आली. सगळे आकडे पुन्हा टाकले गेले. उजेडाचा आकडा पडला नाही. त्यानंतर जवळजवळ एक तास चित्र अंधारलेलं होतं, आणि त्या तासात एका क्षणी प्रेस थांबल्याची नोंद होती. कॅमेऱ्याने थांबवलेला नव्हता. कोणीतरी धावत येऊन थांबवलेला होता.

नागपंचमी ऑगस्टात झाली. शर्वरीला दोष कळला होता जुलैत. हा हिशेब मांडायला तिला वेळ लागला नाही. फुलस्केपवर मास्तरांनी मारलेल्या रेघा बारावर संपल्या होत्या. तिने खाली हाताने एक वाकडी रेघ ओढली आणि मेहुण्याने सांगितलेलं नाव लिहिलं : आप्पासो हेरवाडे.

उरलेले दोन कारखाने संपवून ती दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तरांकडे गेली आणि कागद त्यांच्यापुढे ठेवला. मास्तरांनी सगळी नावं वाचली, घाई न करता, बोट ठेवून. शेवटच्या नावापाशी ते थांबले. शर्वरीने सांगितलं. सांगताना ती रडली नाही, पण मध्ये दोनदा तिला पाणी प्यावं लागलं.

"तुम्हाला हा पंधरावा माहीत होता?" तिने शेवटी विचारलं.

"नाही. मला चौदाच माहीत होते. तुलाही चौदाच." मास्तरांनी बोट त्या शेवटच्या नावावर तसंच ठेवलं. "तू परवा बसली असतीस तर बाराही ठिकाणी बिनचूक दुरुस्ती केली असतीस. तुझा हात तयार आहे. साहेबांनी पत्र लिहिलं असतं की सगळं ठीक झालं, मी खाली सही केली असती, आणि तो मेहुणा तिथंच बसून राहिला असता. इथं बसून दुरुस्त करणं म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं. शर्वरी, नक्कल करणाऱ्याला आपली नक्कल कुठवर गेली ते कधीच कळत नाही. एकच काम पंधरा जागी लिहून ठेवलं की त्याला धनी राहत नाही. दोष सापडतो एका जागी, आणि ज्याला सापडतो त्याला वाटतं आपलं काम झालं. आकडा टाकायचा, पोच बघायची, हे काम सेन्सर कुठल्याही जातीचा असला तरी तेच आहे. ते एकाच जागी राहू दे. बाकीच्या सगळ्यांनी तिथं येऊन मागू दे. उद्या त्या एका जागी चूक झाली तर सगळे प्रेस एकदम बंद पडतील आणि चहूकडून बोंब होईल. झालेली बरी. एका कोपऱ्यात गुपचूप एकेकाचा हात जाण्यापेक्षा ती बोंब परवडली."

"आणि ही नावं?"

"फायली मोजल्या की कंटाळा येतो. तू जुलैत कंटाळलीस." मास्तरांनी कागदाची घडी घातली आणि पुन्हा उलगडली. "मी नऊ वर्षांपूर्वी कंटाळलो. त्या चार ओळी माझ्या आहेत. साखर कारखान्यात पोती मोजायला लिहिल्या होत्या. पोच बघायला हवी हे मला तेव्हाही ठाऊक होतं. म्हटलं, एखादं पोतं मोजायचं राहिलं तर कोण मरतं? मग लोक त्या ओळी उचलू लागले आणि मला आनंद झाला. आपलं अक्षर पोरांनी गिरवलेलं बघून मास्तराला आनंदच होतो. त्या पोत्यांच्या जागी हात आले, तेव्हा एकदा उठून बघायला हवं होतं. मी पेढा खाल्ला." त्यांनी कागद तिच्या हातात दिला. "जा आता. लाग कामाला."

त्या कामाला तीन आठवडे लागले. प्रत्येक नक्कल करणाऱ्याने जाता जाता आपली अक्कल लावलेली होती. कुणी आकड्याचे दोन भाग करून उलटे टाकले होते, कुणी मध्ये थोडा वेळ थांबण्याची ओळ घातली होती, ती का हे त्यालाही सांगता आलं नसतं. शर्वरी एकेक ड्रायव्हर उघडे, त्यात त्या सेन्सरचा स्वतःचा असा काही स्वभाव असेल तो बाजूला काढी, आणि आकडा टाकण्या-वाचण्याच्या ओळी मुळासकट पुसून टाकी. त्यांच्या बदल्यात एकच ओळ राही, त्या एका जागेकडे बोट दाखवणारी. तिथे पोच बघितल्यावाचून कोणाला पुढे जाता येत नसे. सहाव्या ड्रायव्हरमध्ये तिला कुणा जुन्या इंजिनिअरने लिहून ठेवलेली टीप सापडली : 'इथे पोच बघायला हवी. नंतर बघू.' खाली तारीख होती, पाच वर्षांपूर्वीची. म्हणजे कंटाळणारी शर्वरी पहिली नव्हती. ह्या शोधाने तिला काडीचंही समाधान मिळालं नाही.

काम झाल्यावर ती पुन्हा सगळ्या कारखान्यांत गेली, शमशाद बसायची त्या आणि बाटल्यांच्या कारखान्यातही. प्रेस सुरू करण्याआधी, त्यावर बसणाऱ्या माणसाच्या देखत, ती स्वतः कॅमेऱ्याची वायर ओढून काढी आणि प्रेस अडतो का ते दाखवी. कागदावरचं प्रत्येक नाव समोर उभं असल्याशिवाय तिने एकही प्रेस चालू करू दिला नाही. शिरगुप्पे साहेबांनी एकदा विचारलं की तीन आठवड्यांत नवीन काय बनवलं. ती म्हणाली, काही नाही, जुनं कमी केलं. आता नवा सेन्सर आला की त्याच्या कप्प्यांचा तेवढा तक्ता बनवतात. बारसं बंद झालं, पेढेही.

राहिलं ते पत्र. आप्पासो हेरवाड्यांसाठी मास्तरांनी ते स्वतःच्या हाताने लिहिलं. नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी आमच्या कॅमेऱ्याला हात दिसला नाही, ह्याची नोंद सोबत आहे, दोष आमच्या ड्रायव्हरचा होता, कामगाराची कोणतीही चूक नव्हती. शिरगुप्पे साहेबांनी ते वाचलं आणि सही करणार नाही म्हणाले. "ह्या कागदाने कंपनी बुडेल, मास्तर."

"कंपनी पुन्हा काढता येते," मास्तर म्हणाले, आणि त्यांनी सही केली. त्यांच्याखाली शर्वरीने केली. साहेबांची जागा कोरीच राहिली. शमशादसाठी तसंच दुसरं पत्र केलं, ते मास्तर स्वतः इस्पितळात देऊन आले. तिथे काय बोलणं झालं ते त्यांनी कोणाला सांगितलं नाही. दोन दिवस कामावर मात्र आले नाहीत.

आप्पासो हेरवाड्यांचं घर गावाच्या दुसऱ्या टोकाला होतं. शर्वरी रविवारी सकाळी गेली. चाळिशीचा माणूस, ओसरीत डाव्या हाताने शेंगा फोडत बसला होता. उजवा हात टॉवेलखाली होता. त्याची बायको आत भाकरी करत होती. शर्वरीने आपण कोण ते सांगितलं, आणि बसायच्या आधीच सांगितलं की हा दोष आपल्याला त्याच्या अपघाताच्या आधी पाच आठवडे ठाऊक होता.  मग तिने पत्र वाचून दाखवलं. वाचताना तिने मान वर केली नाही. शिव्या ऐकायची तयारी करून ती आली होती. तिला त्या हव्याही होत्या.

पत्र संपलं. आप्पासो शेंगा फोडायचा थांबला होता.

"म्हंजे मी झोपलो न्हवतो?" त्याने विचारलं.

शर्वरीला आधी प्रश्न कळलाच नाही.

"न्हाई, सगळीच म्हणली, झोपलावता. सुपरवायझर म्हणला, मालक म्हणला. मेव्हणा म्हणला, दाजी, लागला आसंल डोळा, रात्री पोराच्या तापानं जागला हुता. मलाबी मग तसंच वाटाय लागलं. आता डोळं मिटलं की मला मी झोपल्यालाच दिसतोय, बगा." त्याने टॉवेल हातावर नीट ओढला. "बायकोला आजून तोंड दावाय लाज वाटती."

"नाही," शर्वरी म्हणाली. तिने शब्द स्पष्ट उच्चारले. "तुम्ही जागे होता. झोपलो होतो आम्ही."

आतली भाकरी थापण्याचा आवाज थांबला होता. आप्पासोने दाराकडे पाहिलं, मग शर्वरीच्या हातातल्या कागदाकडे बोट केलं.

"पुन्यांदा वाचा," तो म्हणाला. "जरा मोट्यानं वाचा. तिला आत ऐकू जाऊ दे."

शर्वरीने पत्र सरळ धरलं आणि पहिल्या ओळीपासून पुन्हा वाचायला सुरुवात केली.